आमच्या घरात डायपर चालत नाही

माझ्या सासूबाईंना, म्हणजे मथुराबाईंना, मी तोंडावर आई म्हणते. मनात काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही. सूड घेऊन काही मिळत नाही असं लोक म्हणतात. असं म्हणणाऱ्यांनी कधी पोटावर टाके असताना दगडापाशी बसून रोज वीस-पंचवीस लंगोट धुतलेले नसतात.

मी मूळची विरारच्या फुलपाड्याची. आमच्या बिल्डिंगला पाणी दिवसाआड यायचं, तेही पाऊण तास. लग्न होऊन वसईजवळ सांडोरला आले, तेव्हा घरामागची विहीर, पंप, केळीच्या वाडीत पाटातून खळखळणारं पाणी पाहून वाटलं, सुख म्हणतात ते हेच. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिकडे पाण्याची बोंब. मथुराबाई मोठ्या मनाने म्हणाल्या, "इथेच कर." मीही खुळी, डोळ्यांत पाणी आणून त्यांच्या पाया पडले.

अनुज सिझरने झाला. घरी आल्या दिवशी माझ्या आईने बॅगेत घातलेलं डायपरचं पाकीट मथुराबाईंनी मेलेला उंदीर उचलावा तसं दोन बोटांत धरलं आणि बाहेर ओटीवर ठेवून दिलं.

"आमच्या घरात हे चालत नाही. पोराचे पाय फेंगडे होतात. आणि आपली वाडी आहे, इथे असला कचरा करायचा नाही."

मग त्यांनी आपल्या जुन्या सुती साड्या फाडून शिवलेले नाडीचे लंगोट माझ्यासमोर ठेवले. तान्ह्या बाळाला कोरं कापड घालायचं नाही, घरातल्या मोठ्या बाईने वापरून मऊ केलेलं घालायचं, ही रीत माझ्या आईकडेही आहे. खोटं कशाला बोलू, ती चळत बघून त्या दिवशी मला बरंच वाटलं होतं.

ते धुवायचे कोणी, हे कोणी बोललंच नाही. बोलायची गरजच नव्हती. घरात वॉशिंग मशीन होतं, पण त्यात देवघरातली वस्त्रं जातात, तर गू-मुताचं कसं टाकणार? परसात विहिरीशेजारी दगड होता. अकराव्या दिवसापासून मी त्या दगडाशी बसले. एक धुऊन वाळत घालेपर्यंत आत दुसरा भिजलेला असायचा. महिन्याभरात माझ्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. मीठ हातात घेतलं की डोळ्यांसमोर काजवे चमकायचे.

माझा नवरा केयूर अंधेरीला ऑफिसात जातो. रात्री जेवताना तो म्हणायचा, "आई म्हणते ते बरोबरच आहे गं. कापड बाळाला चांगलं." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? एक दिवस मी त्याला म्हटलं, उद्या रविवार आहे, उद्याचे तू धू. तो हसला. त्याला खरोखर वाटलं मी गंमत करतेय.

हे सगळं मी गिळलं असतं. पोर अंगावर पीत असतं तोवर बाई काहीही गिळते. पण माझी नोकरी होती. लग्नाआधीपासून सहा वर्षं मी विरारला एका सेंटरमध्ये एक्स-रे काढत होते. "श्वास धरा, सोडा," एवढं म्हटलं की धडधाकट पुरुष माझं ऐकायचे. रजा संपायला आली तशी मी मथुराबाईंना विचारलं, "आई, एक तारखेपासून जाऊ ना?"

"जा की," त्या म्हणाल्या. "अनुजला मी सांभाळते. पण लंगोट मी धुणार नाही. माझे गुडघे मला खाली बसू देत नाहीत."

"मग मी नसेन तेवढे आठ-नऊ तास डायपर घालूया?"

"आमच्या घरात ते चालत नाही, हे तुला सांगितलं आहे."

"धुवायला बाई लावू? मी बघते एखादी."

"परक्या बाईने आपल्या पोराचे लंगोट धुवायचे? लोक काय म्हणतील?"

"मग काय करू, आई?"

"ते तू बघ."

त्या माझ्याशी अशाच बोलतात, शुद्ध, बँकेतल्या साहेबाशी बोलावं तसं. बाकी घरात सगळे आपल्या घरच्या बोलीत बोलतात, मी सोडून. मला ती बोली समजत नाही असा त्यांचा समज होता. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पहिल्या सहा महिन्यांतच मला अक्षर न् अक्षर कळायला लागलं होतं. म्हणून त्याच संध्याकाळी, मी समोर भाजी निवडत असताना, त्या फोनवर आपल्या लेकीला, सलोनीला, काय म्हणाल्या ते मी नीट ऐकलं. म्हणाल्या, हिला कामावर जाऊ दिलं तर ही डोक्यावर बसेल, लंगोटात आहे तोवर वाकलेली आहे, तेच बरं. मी भाजी निवडत राहिले. एकही अळी सुटली नाही माझ्या हातून.

सेंटरवाल्यांनी तीन वेळा फोन केला. मग माझ्या जागी दुसरी मुलगी घेतली. चांगली चालती नोकरी माझी नाडीच्या लंगोटापायी गेली. कामावर परत जायचं, एवढं एकच त्या दिवसापासून माझ्या डोक्यात होतं. आणि ज्या बाईने मला अडवलं तिलाही सुकं सोडायचं नाही, हे दुसरं.

वर मथुराबाईंचं नाव झालं. गावातल्या महिला मंडळाची 'स्वच्छ घर, हिरवी वाडी' अशी दर वर्षी स्पर्धा असते. त्यात पहिलं बक्षीस घेताना त्या माइकवर म्हणाल्या, "आजवर आमच्या घरात एकही डायपर आलेलं नाही. माझा नातू मी लंगोटावर वाढवला." मी वाढवला! मी मागच्या रांगेत अनुजला मांडीवर घेऊन बसले होते. माझे हात पदराखाली होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, आणि चिरा ठणकल्या.

अनुज वर्षाचा झाला तेव्हा सलोनी बाळंतपणाला आली. तिला बोळिंजला दिलीय, ती तिकडेच एका खासगी शाळेत शिकवते. तिला मुलगी झाली. चौथ्या दिवशी घरात एक खोका आला. मी उघडून बघितला. डायपर. एक पाकीट नाही, खोकाभर.

"आई, हे?"

"सलोनीचे टाके ओले आहेत," मथुराबाई शांतपणे म्हणाल्या. "तिला झोप हवी. दिवस बदलले आहेत, अक्षया."

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ मला त्या खोक्यापाशी उभं राहून कळला. माझे टाके काय वाळवणात घातले होते?

सलोनी वाईट नाही, हेही सांगायला हवं. तिने त्यातली चार काढून माझ्या हातात दिली, "वहिनी, अनुजला रात्री घाला ना, तुम्हालाही झोप मिळेल." मथुराबाईंनी ती माझ्या हातातून परत घेतली. म्हणाल्या, त्याला सवय नाही. सलोनी पाळणा हलवत राहिली. ती आईपुढे नेहमीच गप्प बसते.

तीन महिन्यांनी सलोनीची शाळा सुरू झाली. आता ती सकाळी स्कूटरवरून पोरीला सोडते आणि शाळा सुटली की घेऊन जाते. गुडघे दुखणाऱ्या मथुराबाई तिला दिवसभर सांभाळतात. डायपर आहे ना, खाली बसायचं कारणच काय?

पण वापरलेलं डायपर टाकायचं कुठे? कचऱ्याची गाडी दारात येते, आणि गाडी आली की शेजारच्या वाडीतली कार्मिन फाटकात उभी असते. कार्मिन आणि मथुराबाई एका वयाच्या, वर्षानुवर्षांचा शेजार. नाताळात कार्मिनकडचा केक आमच्याकडे येतो, दिवाळीत आमच्या करंज्या तिच्याकडे जातात, आणि वर्षभर दोघी एकमेकींच्या कचऱ्याच्या बादल्या बघतात. स्पर्धेत कार्मिनचा दुसरा नंबर आला होता.

मग मथुराबाईंनी एक शक्कल काढली, आणि ती वाडीत जन्म गेलेल्या बाईलाच सुचेल. एकदा मोरीत पडलेल्या डायपरवर तांब्याभर पाणी सांडलं, तर त्याने ते सगळं पिऊन टाकलं आणि फुगून बसलं. मथुराबाई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. केळीला काय हवं? मुळाशी सतत ओल. आणि हे तर ओल धरून ठेवणारं. मागच्या ओळीत माझे सासरे तुळशीदास, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्यांनी केळीचे नवे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेले कोंब, लावायला खड्डे काढून ठेवले होते. अण्णा दुपारी झोपले की मथुराबाई एकेका खड्ड्यात तीन-चार डायपर घालून वर माती ओढायच्या. अण्णा संध्याकाळी त्यावर मुनवा लावायचे. त्यांना वाटायचं, बायकोने शेणखत घातलंय.

मी दगडापाशी बसून सगळं बघत होते. कोणाला बोलले नाही. तीन आठवडे लंगोट धुतले आणि दिवस मोजले, कारण पुन्हा स्पर्धा आली होती, आणि तिच्या पाहणीसाठी एका रविवारी मंडळाच्या बायका आमच्याकडे येणार होत्या.

त्या रविवारी अण्णा पहाटेच केळ्यांचे घड घेऊन बाजारात गेले. मथुराबाई रांगोळी काढत होत्या. मी मागे गेले, पंप चालू केला आणि पाटाचं पाणी मागच्या ओळीत वळवलं. एरवी त्या ओळीला दिवसाआड अर्धा तास पाणी देतात. मी तीन तास दिलं. मध्ये एकदा जाऊन बघितलं, तर केळीची आळी फुगायला लागली होती. मला हसू आलं, आणि ते दाबायचा मी प्रयत्नही केला नाही.

दहाला बायका आल्या. अध्यक्ष रोवेना टीचर, शाळेतून निवृत्त झालेल्या, कार्मिन, आणि आणखी दोघी. मथुराबाईंनी ओला कचरा, सुका कचरा, गांडूळखत असं सगळं दाखवलं. दोरीवर माझे अठरा लंगोट वाळत होते, त्यांच्यापुढे उभं राहून भाषणही झालं. केयूर चहाचा ट्रे घेऊन आला. मग मी म्हटलं, "आई, मागची नवी केळी दाखवूया ना. तुम्ही स्वतः एवढी मेहनत घेतलीय."

त्यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. पण रोवेना टीचर चालायलाच लागल्या होत्या.

मागच्या ओळीत चिखलच चिखल. मुनवे आडवे झाले होते. प्रत्येक आळ्यातून पांढरा, गिळगिळीत गोळा वर आला होता, भिजवलेल्या साबुदाण्यासारखा. मध्ये मध्ये प्लास्टिकचे तुकडे, त्यांच्यावर हत्ती आणि फुगे छापलेले. एक अख्खं डायपर पाटातून तरंगत तरंगत रोवेना टीचरच्या चपलेपाशी येऊन थांबलं. वास तर विचारू नका.

बायकांनी नाकाला पदर लावले. आणि मग मथुराबाईंनी कपाळावर हात मारला.

"काय सांगू टीचर," त्या म्हणाल्या, "सुनेचे उद्योग. फुलपाड्याची मुलगी, तिला कष्टाची सवय नाही. लपूनछपून वापरते हे मला माहीत होतं, पण घरची अब्रू म्हणून तोंड शिवून बसले."

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण इतक्या गोड आवाजात नव्हत्या ऐकल्या. मी केयूरकडे बघितलं. त्याला सगळं माहीत होतं, खोके तोच तर घरात आणायचा. तो ट्रेमधल्या कपांकडे बघत होता. साय धरली होती का त्यावर, की काय बघत होता, देव जाणे. त्या क्षणी मला सासूपेक्षा त्याचा जास्त संताप आला. रोवेना टीचरनी माझ्याकडे पाहून मान हलवली, आणि मला वाटलं, संपलं. मी माझाच खड्डा खणला.

कार्मिनने तेवढ्यात कुंपणाची काठी उपसली. ती डायपरमध्ये घालून वर उचलली आणि डोळ्यांसमोर धरली. तेवढ्यात अनुज दुडूदुडू धावत आला, सोळा महिन्यांचा, दणकट, लंगोट गुडघ्यावर आलेला.

"काय गो मथुरा," कार्मिन म्हणाली, "ही एवढीशी चड्डी या भोपळ्याला कुठून बसायची? ही तर तीन-चार महिन्यांच्या पोराची. तुझ्या सलोनीच्या पोरीची."

बायकांनी काठीकडे बघितलं, मग अनुजच्या मांड्यांकडे. एकजण फिसकन हसली.

अण्णा नेमके तेव्हा बाजारातून आले. त्यांनी बायकांकडे बघितलंच नाही. सरळ चिखलात बसले, एक मुनवा उपटला, त्याचा कुजलेला गड्डा हातात धरला. मग दुसरा उपटला, तिसरा उपटला.

"केळीत प्लास्टिक घातलंस?" त्यांनी बायकोला विचारलं. आवाज चढवला नाही. "माझ्या केळीत?"

अण्णांनी तो गड्डा खाली ठेवला आणि हात धुवायला निघून गेले. चार बायकांदेखत. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यांनी मथुराबाईंकडे अशी पाठ केलेली मी तरी पाहिली नव्हती. अब्रू वाचवायला माणूस काय वाटेल ते बोलतो. मथुराबाई रोवेना टीचरचा हात धरून म्हणाल्या, "चुकले मी. तुमच्यासमोर सांगते, आजपासून दोन्ही नातवंडं लंगोटावर. मी माझ्या हाताने धुवीन."

मी एक क्षणही वाया घालवला नाही. पदर खोचला आणि लेकीच्या मायेने विचारलं, "मग आई, मी कामावर जाऊ?"

"जा की गं पोरी," रोवेना टीचरच म्हणाल्या. "आता काय अडचण आहे?"

त्याच महिन्यात मला वसईत एक्स-रेचं काम मिळालं. पगार थोडा कमी, पण दारावर माझ्या नावाची पाटी आहे. पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्या रुग्णाने मला मॅडम म्हटलं आणि मी आत जाऊन रडले. केयूरशी मी कामापुरतं बोलते. त्याचे कपडे मी धुवत नाही. तो मशीन लावायला शिकलाय, त्यातली देवाची वस्त्रं वेगळी काढायलाही शिकलाय.

मथुराबाई दगडाशी बसतात. दोन पोरांचे मिळून तीस-पस्तीस होतात. सलोनी आपल्या घरी काहीही घालो, दिवसभर पोरगी इथे असते, आणि अण्णांनी सांगून ठेवलंय की तसलं काही पुन्हा वाडीत दिसलं तर गाठ माझ्याशी आहे. मशीनमध्ये टाकायचे म्हटलं तर देवघराचा नियम त्यांचाच. कार्मिन येता-जाता कुंपणावरून डोकावते, "काय गो, किती झाले आज?" संध्याकाळी मी फाटक उघडते तेव्हा मथुराबाई उठायला बघत असतात आणि गुडघा त्यांना उठू देत नाही. मी चप्पल काढते, पाय धुते, आत जाते. हात देत नाही. दोन महिने झाले, अजून त्याचा कंटाळा आलेला नाही.

गेल्या आठवड्यात अनुजच्या जांघेत पुरळ उठलं. लाल, चरचरीत. मथुराबाईंच्याने खळबळून धुणं होत नाही, साबण कापडात तसाच राहतो. डॉक्टरांनी मलम दिलं आणि म्हणाले, पंधरा दिवस चांगलं डायपर वापरा, कोरडं राहू दे. मी चिठ्ठी अण्णांना दाखवली. ते म्हणाले, "डॉक्टरने सांगितलंय तर घाल. पण कचरा इथे नको." मी पाकीट आणलं. वापरलेलं बांधून कामावर नेते, तिथे त्यासाठी वेगळा डबा आहे.

काल संध्याकाळी मी खोलीत अनुजला डायपर घालत होते. सलोनीला शाळेत मीटिंग होती, म्हणून तिची पोरगी अजून आमच्याकडेच होती, बाहेर पाळण्यात. दारात मथुराबाई येऊन उभ्या राहिल्या. ओले हात त्यांनी पदरात गुंडाळले होते, पण बोटं दिसत होती. पेरांना चिरा पडल्या होत्या.

"अक्षया," त्या म्हणाल्या, "त्यातलं एक देशील? सलोनीच्या पोरीलाही पुरळ आलंय. फोडच आलेत. सलोनी काल फोनवर रडली."

"डॉक्टरांना दाखवा," मी म्हटलं.

"दाखवलं. तेही हेच वापरा म्हणाले. पण यांना सांगायचं माझं तोंड नाही. आणि मी दुकानात गेले तर गावभर होईल." त्यांनी पाकिटाकडे पाहिलं. "एकच दे. मोठं होईल, पण सलोनी येईपर्यंत चालेल. माझ्यासाठी नको देऊ."

पाकिटात अकरा होती. सलोनीने मला एकदा चार देऊ केली होती, ते मला आठवलं. अगदी स्पष्ट आठवलं.

"नाही," मी म्हटलं.

त्या भिंतीला धरून परसात गेल्या. मी पाकीट कपाटात ठेवलं आणि चावी फिरवली. बाहेर पाळण्यात सलोनीची पोरगी रडायला लागली, ओल्याने रडतात तशी, एका सुरात. मला उठावंसं वाटलं. मी अनुजला मांडीवर घट्ट धरलं आणि बसून राहिले. त्या पोरीचा काही दोष नव्हता. माझ्या अनुजचाही नव्हता.